गोदाक्काचा नवरा फाटकाबाहेर का मेला

मी लोकांकडे घरं मागायला जायचे. राहायला नव्हे, सिनेमाला. चार-आठ दिवस एखाद्याचं घर घ्यायचं, त्यात दिवे, वायरी, पन्नास माणसं आणि एक नटी घुसवायची, आणि मग होतं तसं परत करायचं. ‘होतं तसं’ हे दोन शब्द म्हणजे माझी सगळी नोकरी. भिंतीवरचा खिळा इकडचा तिकडे झाला तरी त्या घरची बाई मला जन्मभर विसरायची नाही. भोपाळमध्ये मराठी घरं सगळी एकमेकांच्या ओळखीची. एकीनं तोंड फिरवलं की पुढची दहा दारं आपोआप बंद.

सिनेमावाले मला ‘लोकेशनवाली दीदी’ म्हणायचे. नातेवाइकांत मात्र ‘वैजू सिनेमात असते’ एवढीच बातमी होती. त्यामुळे लग्नाकार्यात पोरंटोरं मला बघायला यायची आणि बघून निमूट जेवायला जायची.

त्याआधी मी घरोघरी पाण्याचे फिल्टर विकत होते. त्या धंद्यात आणखी काही मिळो न मिळो, स्वयंपाकघरापर्यंत शिरकाव मिळतो. कुणाच्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, कुणाकडे अजून फडताळ आहे, कुणाची सासू बोलते आणि कुणाची नुसती बघते, हे सगळं मला पाठ होतं. मुंबईचे सिनेमावाले भोपाळला यायला लागले तेव्हा हीच माहिती त्यांना हवी होती.

जुनी मुंबई दाखवायची तर ती मुंबईत सापडत नाही, भोपाळमध्ये सापडते. कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून जी कुटुंबं इथे आली ती येताना जे घेऊन आली ते तसंच धरून बसली. तिकडे सांगली-मिरजेच्या लोकांनी घंगाळं मोडीत घालून गिझर बसवले. भोपाळच्या आनंद नगरात मात्र घंगाळ अजून चिंच लावून घासलं जातं. परमुलखात राहणाऱ्या माणसाला जुनं टाकायला भीती वाटते, असं मला वाटतं. त्या भीतीवर माझं पोट चाललं.

धंद्यातली मोठी अडचण म्हणजे घरमालकाचा उत्साह. भोपाळमधल्याच कोटरा सुल्तानाबादमध्ये मी एक घर शोधलं होतं. पोपडे उडालेली हिरवी भिंत, ओलीचा डाग, डायरेक्टर त्या डागासमोर अक्षरशः हात जोडून उभा राहिला. शूटिंगच्या दिवशी आम्ही पोचलो तर घर आतून बाहेरून गुलाबी! पाहुणे येणार म्हणून त्या गृहस्थांनी घर रंगवून घेतलं होतं आणि कौतुकाच्या अपेक्षेनं ते दारात उभे होते. सलीमभाई आमचे सेट उभारणारे, पक्के भोपाळी. त्यांनी त्या भिंतीकडे बघून नुसतं एवढंच म्हटलं, “को खां, ये क्या कर दिया आपने!” आणि मग दिवसभर बसून चहाच्या पाण्यानं नवा डाग तयार केला.

पण लोक मला अजूनही विचारतात ते बेहेऱ्यांच्या घराबद्दल.

तो सिनेमा एका बाईवर होता. एके काळी मुंबईत दारूचे अड्डे आणि मटका चालवणारी, भल्याभल्या दादांना दारात ताटकळत ठेवणारी बाई. सिनेमात तिचं नाव गोदाक्का. साधी संसारी बाई, नवरा मारला जातो आणि ती त्याचा धंदा हातात घेते, अशी गोष्ट. डायरेक्टर तन्मय, वयानं माझ्या भाच्याएवढा. त्याला गोदाक्काच्या संसाराचं घर हवं होतं. मी त्याला थेट आनंद नगरात सुमनकाकू बेहेऱ्यांकडे नेलं.

घरात काकू आणि अप्पा दोघंच. मुलगी अमेरिकेत. अप्पा कारखान्यातून निवृत्त होऊन दिवाणखान्यातल्या सागवानी झोपाळ्यावर येऊन बसले ते तिथेच. पेपर, चहा, शेंगदाणे, डुलकी, सगळं झोपाळ्यावर.

घरमालकाला गोष्ट कधीच पूर्ण सांगायची नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. काहीही असलं तरी ‘कौटुंबिक आहे’ म्हणायचं. पण काकूंपुढे नियम चालत नसत.

“कौटुंबिक म्हणजे काय गं वैजू? बाई चांगली आहे ना?”

“परिस्थितीनं बिघडते, काकू.”

“म्हणजे वाईट आहे. बंदूक आहे का?”

“खोटी.”

“मरतं का कुणी?”

“मरतात. पण ते बाहेर गोदामात. तुमच्या घरात नुसता संसार.” आणि हे तेव्हा अगदी खरं होतं.

काकूंनी मला आत नेलं आणि आवाज खाली आणला. अप्पांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि अप्पा ऐकायला तयार नव्हते. ‘झालं माझं सगळं, आता कशाला चिरफाड’ म्हणत झोपाळ्यावर बसून राहायचे. “ही माणसं येतील, जरा गडबड होईल, त्यांचं मन रमेल,” काकू म्हणाल्या. “मग कदाचित ऐकतील. म्हणून हो म्हणतेय. पण एक अट. ह्या घरात कुणी मरायचं नाही. खोटंसुद्धा नाही. शब्द दे.”

मी शब्द दिला.

तन्मयनं त्याच दिवशी झोपाळा बघितला. अप्पा वरच्या कडीचा कुरकुर आवाज करत पेपर वाचत होते. तन्मय दारातच थबकला, डोळे मिटले, आणि मी समजले की आता काहीतरी महागात पडणार. सिनेमावाल्यांनी डोळे मिटले की असंच होतं.

“दीदी,” तो म्हणाला, “गोदाक्का का हजबंड इसी झूले पे मरेगा. गोली लगेगी, झूला चलता रहेगा. चूं... चूं... चूं...”

“मी शब्द दिलाय,” मी म्हटलं. “दुसरं घर बघू.”

“दूसरा झूला नहीं चाहिए, दीदी. यही चाहिए.”

सलीमभाईंनी तसाच झोपाळा बनवून द्यायची तयारी दाखवली. तन्मय म्हणाला, कुरकुर कुठून आणाल? सलीमभाई म्हणाले, “खां, कुरकुर भी डाल देंगे.” पण तन्मय ऐकेना. शेवटी मीच त्याला काकूंसमोर नेऊन बसवलं. मला वाटलं, त्या झटकन नाही म्हणतील आणि विषय संपेल. काकूंनी त्याचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याच्यापुढे लाडवाची बशी सरकवली आणि विचारलं, “चाय लेंगे ना?” त्या आवाजात असं काही होतं की तन्मय ताठ बसला.

“देखो बेटा,” काकू म्हणाल्या, “गोली मारनी है, मारो. जखमी होने को मेरी ना नहीं है. लेकिन मरना बाहर.”

“आंटी, दिल में गोली लगी है. आदमी चलेगा कैसे?”

“हमारे इनको देखो. दिल की सारी नलियाँ बंद हैं, फिर भी रोज दूध लाने जाते हैं.”

“दूध मैं ही लाता हूँ,” झोपाळ्यावरून अप्पांनी दुजोरा दिला.

मग हद्द कुठपर्यंत, यावर बोलणी सुरू झाली. तन्मयनं विचारलं, व्हरांडा चालेल? काकू म्हणाल्या, व्हरांडा घरातच. पायरी? पायरीवर पाहुणे चपला काढतात. “तुलसी के पास?” तन्मयनं भीत भीत विचारलं, “विजुअल बहुत अच्छा है.” काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तन्मयनं लाडू उचलला आणि गप्प खाल्ला. शेवटी ठरलं ते असं. गोळी झोपाळ्यावर लागेल. मग गोदाक्काचा नवरा उठेल, दिवाणखाना, व्हरांडा, पायऱ्या, तुळस ओलांडून फाटकाबाहेर जाईल आणि तिथे मरेल. तन्मयचा चेहरा बघवत नव्हता. लेखकाला फोन करून तो म्हणाला, “नहीं यार, बात हो गई है, वो बाहर ही मरेगा.”

ह्या सगळ्यात एक व्यक्ती खूश होती. गोदाक्काचं काम करणारी नटी. मुंबईहून आल्यापासून ती ओरडण्याचा सराव करत होती. हातवारे, शिव्या, डोळे वटारणं, सगळं. लाडवाच्या वेळी ती मागे वेताच्या मोड्यावर बसून होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं ओरडणं सोडलं. काकूंच्या मागे मागे फिरायला लागली. काकू दूधवाल्याशी कशा बोलतात, कामवालीला उशीर झाला तर काय करतात, सगळं बघायची. काकू कामवालीला काहीच म्हणायच्या नाहीत. घड्याळाकडे बघायच्या आणि विचारायच्या, “बरं वाटतंय ना तुला?” ती बाई पुढचे पंधरा दिवस वेळेवर. सिनेमात गोदाक्का ज्या थंड आवाजात दादांना चहा विचारते आणि त्यांना घाम फुटतो, तो आवाज आनंद नगरातला आहे. हे काकूंना आजही कुणी सांगितलेलं नाही. सिनेमा बघून आल्यावर त्या मला म्हणाल्या, “बाई किती खडूस दाखवलीय गं! अशी माणसं असतात?”

शूटिंगचा दिवस आला. भोपाळची कडाक्याची थंडी. नवऱ्याचं काम करणारा नट पातळ सदऱ्यात कुडकुडत होता. मग सलीमभाईंनी कुठूनसा एक तपकिरी स्वेटर आणला. एके काळी कारखान्याच्या सोसायटीतून सगळ्यांनी घेतलेला, तसलाच अप्पांच्या अंगावर. मी म्हटलं, मुंबईत स्वेटर कोण घालतं? तन्मय म्हणाला, “कैरेक्टर को बुखार है.” अशा रीतीनं गोदाक्काच्या नवऱ्याला मरायच्या आधी ताप आला.

नटानं नेमकं कुठे थांबायचं ते कळावं म्हणून जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची फुली मारतात. त्याला मार्क म्हणतात. सलीमभाईंनी फाटकाबाहेरच्या सिमेंटवर लाल फुली मारली आणि वर पुन्हा दोनदा मारली, कारण त्यांचा कशावरच एका थरात विश्वास नसे.

सगळं एका दमात घ्यायचं होतं. गोळी, झोपाळा, मग ते चालणं, मागे गोदाक्का, आणि फाटकाबाहेर फुलीवर कोसळणं. कधी कॅमेरावाला पायरीला अडखळायचा, कधी तुळशीपाशी नट काकूंच्या धाकानं वाकून बाजूने जायचा. अप्पा आतल्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांचा झोपाळा गेला म्हणून आधी रुसलेले, पण दोन-तीन वेळा बघून झाल्यावर खिडकीतून सूचना करू लागले. “अरे भाई, झूले से उठते समय पहले पैर टेकते हैं! गिरोगे!” नट म्हणाला, “अंकल, मुझे गोली लगी है.” अप्पा म्हणाले, “तो भी!”

अखेर मनासारखं झालं. पुढचा शॉट शेजारच्या गच्चीवरून होता. प्रेत, भोवती रडणारी चाळीतली माणसं. कॅमेरा वर चढवेपर्यंत नटाला फुलीवरच पडून राहायला सांगितलं, कारण रक्ताचा आकार बिघडला असता. धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर पांढरी चादर टाकली. बाहेर राहिला फक्त तपकिरी बाहीचा हात. भोवतीची माणसं जुन्या पद्धतीच्या साड्या आणि टोप्या घालून, डोळ्यांत ग्लिसरीन घालून रडायची तयारी करत उभी. आमच्या गाड्या मीच मागच्या गल्लीत लावायला सांगितल्या होत्या, कारण रस्ता जुना दिसायला हवा होता. थोडक्यात, रस्त्यावरून जाणाऱ्याला तिथे सिनेमाचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते बेहेऱ्यांचं फाटक, रडणारी मराठी माणसं, आणि चादरीखालचा तो स्वेटर.

भाजीवाल्यानं ते पाहिलं आणि हातगाडी ढकलत बातमी थेट शेजारच्या अवधपुरीत दातारांच्या दारात नेऊन टाकली.

दातार म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे सचिव. एके काळी अप्पांचे जिवलग. मंडळाच्या नाटकात दातारांनी अप्पांचा प्रवेश कापला तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून शूटिंगचंही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात पोचवतात. दातारांच्या बायकोचा हात कामाला भलताच चलाख. दातार स्कूटरवरून उतरले ते हातात पिठलं-भाताचा गरम डबा घेऊनच.

मी फाटकापासून लांब, गच्चीच्या जिन्यात होते. मी उतरेपर्यंत दातार प्रेताजवळ पोचले होते. त्यांच्या डोळ्यांना खरोखरच धार लागली होती. त्यांनी तपकिरी बाहीकडे पाहिलं, चादरीखालच्या पायांना हात लावला, भोवतीच्या मंडळींकडे वळले आणि सवयीनं घसा खाकरला. ग्लिसरीनवाले आपोआप गप्प झाले.

“आज आनंद नगराचा आधार गेला,” दातार म्हणाले. “बेहेरे आणि मी, गेली काही वर्षं आमचं बोलणं नव्हतं. चूक कोणाची होती हे सांगायची ही वेळ नव्हे. चूक त्यांची होती. पण माणूस सोन्यासारखा. टर्बाइन विभागात त्यांनी जन्म घालवला...”

“ओ दातार!” खिडकीतून आवाज आला. “टर्बाइन तुमचं! मी ट्रान्सफॉर्मरमध्ये होतो!”

दातारांनी वर पाहिलं. खिडकीत तोच तपकिरी स्वेटर घालून अप्पा उभे. इतका आवाज कसला म्हणून खालचं प्रेतही चादर बाजूला करून, छातीवर रक्त घेऊन उठून बसलं. दातार मटकन खाली बसले, पण डबा त्यांनी सोडला नाही. गच्चीवरून तन्मय ओरडला, “कौन है ये एक्टर? क्या कमाल है!”

मी धावत गेले ती काकूंसाठी. त्या व्हरांड्यात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. शब्द मोडला नव्हता, घरात कुणी मेलं नव्हतं. पण फाटकाबाहेर अख्ख्या अवधपुरीनं त्यांच्या नवऱ्याला पोचवून टाकलं होतं. सलीमभाईंनी दातारांना हाताला धरून आत आणलं तशी काकू दारात आडव्या आल्या.

“तो डबा आत आणायचा नाही.” आज पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. मग फुटला. “पिठलं-भात आणलात! त्यांचा!” आणि पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. इतक्या दिवसांचं सगळं त्या एका डब्यापाशी येऊन सांडलं. दातार घाबरून म्हणत राहिले, “अहो वहिनी, अशी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं.” त्यांच्या डोळ्यांचं पाणीही थांबत नव्हतं.

अप्पा बाहेर आले. आधी काकूंकडे बघत राहिले. मग दातारांच्या हातातून डबा घेतला, दोघांना आत बोलावलं आणि झोपाळ्यावर बसले. खोट्या रक्ताचे चार थेंब होते, ते रुमालानं पुसले. डबा उघडून एक घास खाल्ला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले. “मी खरा मेलो असतो तर हे सगळ्यांनी आळणी खाल्लं असतं.”

अप्पांनी आणखी एक घास घेतला.

“सुमन, डॉक्टरांना फोन कर. करतो मी ऑपरेशन.” मग दातारांकडे वळले. “असल्या भाषणावर मी जायचा नाही, सांगून ठेवतो. विभागसुद्धा चुकवलात. परत लिहा. मी जाऊन येतो, मग वाचून दाखवा. मी तपासतो.”

दातार त्यांच्या शेजारी बसले. झोपाळा कुरकुरला. तन्मय दारातून आवाज ऐकत उभा होता, पण त्यानं डोळे मिटायच्या आत मी त्याला बाहेर काढला.

सिनेमा पुढे लागला. त्या चालण्याच्या प्रसंगाची फार तारीफ झाली. गुन्हेगारीच्या रक्तापासून आपलं घर वाचवण्यासाठी तो मरणारा माणूस उंबऱ्याबाहेर जातो, असा गहन अर्थ पेपरवाल्यांनी लावला, आणि तन्मयनं मुलाखतीत सांगितलं की ही कल्पना त्याला पहाटे ध्यान करताना सुचली. नावांच्या यादीत मी शेवटून कुठेतरी होते, वाचायच्या आत सरकले. आता गुडघ्यांनी नाही म्हटलं आहे, आणि निर्मात्यांनाही घंगाळ नको, काचेचा बंगला हवा असतो. वाईट वाटतं. ज्या घरांनी मला आत घेतलं त्यांतली बरीच पाडून तिथे फ्लॅट झाले. पण बेहेऱ्यांचं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलला जायला गाडी आली तेव्हा मी तिथे होते. अप्पा झोपाळ्यावरून उठले, आधी पाय टेकून. दिवाणखाना, व्हरांडा, पायऱ्या, तुळस. काकू मागे पिशवी घेऊन. मला एकदम तो शॉट आठवला. काकूंनाही आठवला असावा, त्या तुळशीपाशी थबकल्या. फाटकाबाहेर सलीमभाईंची लाल फुली तशीच होती, तीन थरांची, काढून न निघालेली. अप्पा तिच्यासमोर थांबले, खाली पाहिलं.

“हा माझा मार्क नाही,” म्हणाले, पाय उचलून तिच्यावरून पलीकडे टाकला आणि गाडीत जाऊन बसले.

ते परत आले त्या दिवशी मी आणि दातार फाटकापाशी उभे होतो. दातारांच्या खिशात दुरुस्त केलेलं भाषण होतं. अप्पा गाडीतून हळूहळू उतरले, छातीवर हात धरून, आणि फाटकापाशी खाली शोधायला लागले. सिमेंट स्वच्छ होतं.

“माझी फुली कुठे गेली?”

“खरवडून काढली,” काकू म्हणाल्या. “आपल्या फाटकाबाहेर आता कुणी थांबायचं नाही. सरळ आत यायचं.”